गाळणीभावजींनी जाहिराती सुरू केल्या

गाळणीभावजींना डोळ्याच्या कोपऱ्यात काही हललेलं खपत नसे. वाऱ्याने पडदा हलला की उठून तो खोचतील, समोरच्याने बसल्या बसल्या पाय हलवला की "अहो, पाय" म्हणतील, आणि स्वतः मात्र घटकाभर एका जागी टेकतील तर शपथ. पायाला भिंगरी, पण बाकी जगाने पुतळ्यासारखं बसावं, असा सगळा मामला. त्यातून संगणकावर काही वाचत असावेत आणि बाजूच्या चौकटीत एखादा बूट उड्या मारायला लागावा, की मग विचारूच नका. अंगाचा नुसता तिळपापड.

म्हणून त्यांनी ब्राउझरला ते जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन जोडलं. फार जुनी गोष्ट, तेव्हा त्याचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. वर कोपऱ्यात एक बारकी ढाल दिसायची आणि तिच्यावर आकडा चढत जायचा, या पानावर किती जाहिराती अडवल्या त्याचा. मॅचचा स्कोअर बघावा तसे भावजी तो आकडा बघायचे. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात ते संगणकांची देखभाल करायचे. तिथल्या झाडून सगळ्या संगणकांवर त्यांनी ते बसवलं. मग नातेवाईक धरले. कुणाकडे गेले की पाण्याचा पेला हातात यायच्या आधी विचारणार, "ब्राउझर कुठला तुमचा?" यजमान बिचारे चहाचं विचारायला तोंड उघडेपर्यंत हे खुर्ची ओढून कामाला लागलेले.

गाळणी हे नाव त्यांच्या मेहुणीने ठेवलं. "यांच्या हातात संगणक दिला ना," ती म्हणायची, "की चोथा सगळा वर राहतो आणि नुसता चहा खाली येतो." नाव चिकटलं ते चिकटलंच. आपणही त्यांना भावजीच म्हणू आणि त्यांच्या बायकोला ताई, कारण ही सगळी हकिगत मेहुणीच्या तोंडून बाहेर पडलेली आहे, आणि तिचं तोंड म्हणजे काय सांगावं.

आता गंमत बघा. या माणसाच्या बायकोचा धंदा काय, तर जाहिरातींना आवाज देणं. साबण, बँका, चष्मे, विमा, गुडघ्याला लावायचं तेल, सगळ्यातून ताई बोलायच्या. चेहरा कुठे दिसायचा नाही, पण आवाज असा की बँकेवालीच काय, बँकसुद्धा प्रेमळ वाटावी. स्टुडिओतून घरी आल्या की पर्स खुंटीला लावता लावता विचारायच्या, "अहो, माझी नवी आली. चष्म्यांची. ऐकलीत?"

"आपल्याकडे येत नाहीत जाहिराती," भावजी म्हणायचे. आणि कसे म्हणायचे, तर छाती फुगवून.

"साऱ्या जगाशी बोलते मी. घर तेवढं सोडून."

"तुझा आवाज चांगलाच आहे गं. माल वाईट असतो."

ताई हसायच्या आणि कुकर लावायला जायच्या. वर्षानुवर्षं हा संवाद असाच चालला. दोघांनाही तो विनोद वाटायचा, म्हणजे निदान भावजींना तरी वाटायचा.

मग ताईंचा घसा बसला. आधी सर्दी म्हटलं, मग हवा म्हटलं, मग रेकॉर्डिंगचा ताण म्हटलं. आवाज खरखरीत होत गेला आणि कामं बंद झाली. डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं आणि दुसऱ्याच आठवड्यात कापाकापी. स्वरयंत्रच काढावं लागलं. बाई वाचल्या, हे फार मोठं झालं, आणि भावजींनीही त्या काळात जे केलं त्याला तोड नाही. दवाखान्याच्या त्या लांबलचक जिन्यावरून ते इतक्या वेळा वरखाली झाले की तिथला पहारेकरी त्यांना नोकरीवरच समजायला लागला. ताई घरी आल्या. गळ्याला खाली एक भोक, त्यावर पातळ रुमाल, आणि हातात लहान मुलांची असते तशी खोडता येणारी पाटी. जे बोलायचं ते पाटीवर.

दवाखान्यातून बोलायचं एक यंत्रही मिळालं होतं. टॉर्चएवढं. गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. यंत्र घरघरतं आणि त्या घरघरीतून शब्द तयार होतात. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी ते गळ्याला लावलं आणि स्वयंपाकघराच्या दारातून काहीतरी म्हटलं. भावजी पेपर वाचत होते. ते दचकून असे उठले की खुर्ची मागे पडली. दोन्ही हात कानांवर गेले, तोंड वाकडं झालं.

"बंद कर, बंद कर ते!" आणि मग सावरून, "म्हणजे... दमशील गं. पाटीवर लिही ना. पाटी बरी आहे."

ताईंनी बटण सोडलं. यंत्र पर्समध्ये ठेवलं. त्यानंतर आठवड्यातून काही दुपारी त्या दवाखान्याच्या क्लासला जात, असेच घसा गेलेले लोक तिथे बोलायला शिकायचे. घरी मात्र पाटी. भावजींनी कधी विचारलं नाही की क्लासमध्ये काय शिकवतात. खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटलं होतं. माणूस वाईट नव्हता हो, पण कान त्याचे फार लाडावलेले होते.

आणि मग एका सकाळी, छापखान्यात कुणाचा तरी प्रिंटर उघडून बसलेले असताना, भावजींच्या लक्षात आलं की ताईंचा आवाज त्यांना आठवत नाही. शब्द आठवत होते. ताई रागावल्या की काय म्हणत, फोनवर कशी सुरुवात करत, सगळं आठवत होतं. पण ते कुणाच्या आवाजात? मनातल्या मनात ते ताईंना बोलायला लावत आणि ऐकू यायचा स्वतःचाच आवाज. त्यांनी प्रिंटर तसाच उघडा टाकला आणि जिन्यात जाऊन उभे राहिले. माणूस घरी आहे, धडधाकट आहे, संध्याकाळी आपल्यासमोर बसून भाजी निवडणार आहे, आणि आपण त्याचा आवाज घालवून बसलो, हे कुणाला सांगायचं?

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी जुने व्हिडिओ काढले. सहली, आता परगावी असलेल्या लेकीचं गाणं, तिचा निकाल, सगळं होतं. ताई कुठेच नव्हत्या. कारण कॅमेरा त्यांच्याच हातात असायचा, आणि लाल दिवा लागला की चूप बसायचं ही स्टुडिओची सवय हाडात मुरलेली. घरच्या व्हिडिओतसुद्धा त्या हातानेच खुणा करायच्या: थोडं डावीकडे, हसा, झालं. फोनमध्ये ताईंनी पाठवलेले आवाजी निरोप? ते भावजींनी कधीच पुसले होते. दर रविवारी फोन स्वच्छ करायचा हा त्यांचा नेम. अडगळ नको म्हणून. कपाळावर हात मारून घेतला त्यांनी, पण कपाळावर मारून पुसलेलं परत येत नाही.

स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगवाल्याला फोन केला. तो भला माणूस, गहिवरला, पण म्हणाला, "काका, काम झालं की फाइल कंपनीकडे जाते. आमच्याकडे जागा कुठे? पुसून टाकतो." पुसून टाकतो! भावजींना त्याचा राग यायला हवा होता, पण कुठल्या तोंडाने येणार?

तेवढ्यात मेहुणीचा फोन आला. धापा टाकत होती.

"भावजी, आत्ता ताई बोलली! माझ्या फोनवर!"

"काय बोलतेस तू?"

"अहो, विणकामाचा व्हिडिओ बघत होते, मध्येच जाहिरात आली, गादीची. आधी काहीच आवाज नाही. एक बाई झोपलीय, खिडकीचा पडदा हलतोय, बराच वेळ नुसतं तेच. मी म्हटलं बिघडलं की काय. आणि मग ताई बोलायला लागली हो! माझ्या हातातून सुई पडली."

भावजी तसेच चपला घालून मेहुणीकडे गेले. दोघांनी तिच्या फोनवर विणकामाचे व्हिडिओ लावले आणि दुपार घालवली. मोजे, टोप्या, कोपऱ्याची वीण, सगळं पाहून झालं. केसांचं तेल आलं, कर्ज आलं, परदेशी शिक्षण आलं. गादी काही आली नाही. गादीच्या कंपनीच्या पानावर पाहिलं तर तिथे कुण्या दुसऱ्याच बाईच्या आवाजातली जाहिरात. कंपनीला लिहिलं, तर तत्काळ उत्तर आलं: आपल्या प्रेमाबद्दल आभार, पुढच्या खरेदीवर सूट. भावजींनी दात ओठ खाल्ले.

"ताईला सांगू का?" मेहुणीने विचारलं.

"नको! अजिबात नको." भावजी जवळजवळ ओरडलेच. "तिला काय वाटेल? मला तिचा जुना आवाज पाहिजे म्हणजे आत्ताची ती नको, असंच वाटेल ना?"

"मग नकोय का आत्ताची?"

"नसत्या गोष्टी विचारू नकोस," म्हणून भावजी उठले.

घरी आले आणि संगणकासमोर बसले. ढालीवर क्लिक केलं. एक्स्टेंशन बंद करायचं? भावजींनी आयुष्यात हे कधी केलं नव्हतं. दुसऱ्याने केलेलं दिसलं तर त्याचं भाषणाने डोकं खाल्लं होतं. त्यांनी बंद केलं. वेशीचं दार उघडावं आणि सगळी जत्रा घरात शिरावी तसं झालं. वरून पट्टी, खालून पट्टी, मधून चौकट, चौकटीवर फुली आणि ती फुलीही खोटी. भावजींचा डोळा फडफडायला लागला. पण हलले नाहीत. म्हणजे हलले, चारदा उठून पाणी प्यायले, पण परत येऊन बसले.

जाहिरात माणसाला शोधत येते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेच तर लोकांना घाबरवून सांगत फिरले होते. आता प्रश्न असा की गादीवाले कुणाला शोधत असतील? पाठ दुखणाऱ्याला. झालं, भावजींची पाठ दुखायला लागली. "पाठदुखीवर उपाय", "सकाळी उठताना कंबर धरते", "कुठली गादी चांगली". जिथे "मान्य आहे" असं बटण दिसेल तिथे मान्य. लग्नातसुद्धा त्यांनी इतक्या झटपट होकार दिला नव्हता. पाठीवर गादी आली नाही, पट्टे आले, मलमं आली. मग ते नवविवाहित झाले. पलंगांच्या, पडद्यांच्या, मधुचंद्राच्या जाहिराती आल्या. नवं घर घेतलं. मग वाटलं, त्या जाहिरातीत बाई गाढ झोपलीय, म्हणजे जिला झोप मिळत नाही तिच्यासाठी असणार. तेव्हा भावजी तान्ह्या बाळाची आई झाले.

छापखान्यातला प्रूफं तपासणारा त्यांच्या खांद्यावरून डोकावला आणि त्याने चष्मा काढून पुसला. "गाळणी फुटली की काय हो?"

"तपासतोय," भावजी म्हणाले.

"काय?"

"तपासतोय म्हटलं ना! तुम्ही तुमचं बघा."

घरी तर वेगळीच पंचाईत. संगणक दोघांचा एकच. ताई भाजीच्या कृती बघायला बसल्या तर चहूकडून दुपटी आणि झबली. त्यांनी पाटी भावजींच्या नाकासमोर धरली. *कोण बाळंत होणार आहे?*

"ते... ते काहीतरी बिघडलंय. बघतो मी."

ताईंनी भुवया वर केल्या. *ढाल कुठे गेली तुमची?*

"अपडेट चालू आहे," भावजी खोटं बोलले आणि लगेच बूट पुसायला घेतले. खोटं बोलले की त्यांना हातात काहीतरी काम लागायचं.

चैन म्हणून पडत नव्हती. कामावर जाता येता कानात फोन, जेवताना शेजारी फोन. व्हिडिओ लावायचा, जाहिरात बघायची, ती नसली की पुढचा व्हिडिओ. मेहुणीने वर भीती घातली होती, "भावजी, जाहिराती काही कायम चालत नाहीत हं. मोसम संपला की काढतात." हे ऐकल्यापासून तर त्यांच्या जिवाला घोरच लागला. प्रत्येक जाहिरातीच्या वेळी ते पुढे सरसावायचे, आणि प्रत्येक वेळी विमा किंवा बिस्किटं.

आणि मग तो शनिवार दुपारचा प्रकार. ताई क्लासला गेलेल्या. भावजी संगणकासमोर, एका मांडीवर दुसरी, दुसरीवर पहिली असं करत. कुणी एक माणूस बाळाला अंघोळ कशी घालावी ते सांगत होता. मध्येच चित्र बदललं. बिछाना, झोपलेली बाई, खिडकी, हलणारा पडदा. आवाज नाही. आणि हलणारा पडदा डोळ्याला टोचला तोच, खाली "स्किप" हे बटण उगवलं तोच, भावजींच्या बोटाने ते दाबलं.

भावजींनी नाही दाबलं. बोटाने दाबलं. काही हललं की घालवायचं, हे इतकी वर्षं शिकवलेलं बोट ते, ते कशाला विचारायला थांबतंय? अंघोळवाला माणूस परत आला आणि म्हणाला, पाणी कोमट हवं.

भावजींना समजायला क्षण गेला. मग ते ओरडले. काय ओरडले त्यांनाही माहीत नाही, वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, "काय हो, पडलात का?" ते मागे जायला बघत होते, पान पुन्हा उघडत होते, व्हिडिओ पुन्हा लावत होते. बिस्किटं आली. आणि त्यांच्या मनात आलं ते याहून भयंकर होतं. हे आजच झालं कशावरून? यापूर्वी बटण दाबताना आपण कधी बघितलं होतं की समोर काय आहे? कोण जाणे किती वेळा ती आली असेल, तोंड उघडणार तोच आपण तिला घालवून दिलं असेल.

त्यांनी माऊसची वायर उपटली. माऊस नेऊन स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या मागे ठेवला. कीबोर्डवरच्या एका बटणाने व्हिडिओ चालू केले, एकामागून एक आपोआप लागतील असे, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. हाताला मुंग्या आल्या तरी काढले नाहीत. हिंदकळत होते सगळे, मान, पाय, खांदे, पण हात खाली. जाहिरात पूर्ण बघायची. प्रत्येक. शेवटपर्यंत.

ताई आल्या तेव्हा ते असेच बसलेले होते. त्यांनी दार लावलं, रुमाल सारखा केला आणि नवऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. समोर केसांच्या तेलाची जाहिरात, आणि हा माणूस, ज्याने सासऱ्यांच्या आजारपणातही आधी त्यांच्या संगणकावरच्या जाहिराती बंद केल्या होत्या, तो हात मांडीखाली घालून, डोळ्यांत पाणी आणून ती बघत होता. ताई घाबरल्या. त्यांनी पाटी काढली.

*काय झालं? कुणी गेलं का?*

"नाही. बस. काही नाही."

*मग रडताय का?*

भावजी सांगायला लागले आणि सगळं उलटसुलट सांगितलं: मेहुणी, गादी, प्रिंटर, पडदा, बोट. आवाज आठवत नाही हे सर्वांत शेवटी सांगितलं, आणि ते सांगताना त्यांची मान खाली गेली. ताई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा कसा होता ते भावजींनी बघितलं नाही. बघायचा धीर झाला नाही. आणि सांगून संपतंय तोच समोर बिछाना आला. झोपलेली बाई, खिडकी, पडदा.

भावजी गोठले. बटण उगवलं. तसंच राहिलं. आणि मग ताईंचा आवाज खोलीत आला.

"दिवसभर सगळ्यांचं ऐकलंत. आता थोडं पाठीचंही ऐका."

होता, तोच होता. भावजींनी ताईंकडे पाहिलं आणि मग पडद्याकडे बघायचंच विसरले. कारण ताईंचे ओठ हलत होते. शब्द न शब्द, जिथे थांबायचं तिथे थांबून, जिथे किंचित हसायचं तिथे हसून, त्या सगळं म्हणत होत्या. तेवढ्या वेळापुरती बायको बोलत होती, समोर बसून, पूर्वीसारखी. "झोपा. बाकीचं उद्या," आवाज म्हणाला, ताईंचे ओठ मिटले आणि गादीची किंमत आली.

भावजी रडले. आडपडदा न ठेवता रडले. ताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मग पाटी ओढून घेतली.

*'पाठीचंही'वर जोर जास्त पडला आहे. दुसरा टेक चांगला होता. गाढवांनी पहिलाच घेतला.*

भावजींना रडता रडता हसू आलं. "फार सुंदर होतं गं. फार. मी विसरत चाललो होतो तुझा आवाज. मला वाटलं, गेलाच आता."

ताईंनी पाटी खोडली. लिहायला लागल्या, मध्येच थांबल्या, ते खोडलं, पुन्हा लिहिलं. मग पाटी सरळ त्यांच्या मांडीवर ठेवली.

*माझा आवाज पर्समध्ये आहे. तुम्हीच ठेवायला लावलात.*

भावजींनी वाचलं. पुन्हा वाचलं. ताईंनी पाटी परत घेतली होती आणि आता त्या भराभर लिहीत होत्या, खोडत होत्या, लिहीत होत्या. इतके महिने साठलेलं बाहेर पडत होतं. *क्लासमध्ये मी सगळ्यांशी बोलते. रिक्षावाल्याशी बोलते. भाजीवाली माझी थट्टा करते, मी तिची करते. फक्त घरी बोलत नाही.* खोडलं. *त्या दिवशी तुमचं तोंड बघितलं मी.* खोडलं. *त्या गादीवालीला शोधायला एवढी धावपळ. मी इथेच होते.*

लिहिलं होतं ते खरं होतं, आणि ताईंना ते कधीच कळून चुकलेलं होतं. वाईट माल अडवला नव्हता भावजींनी, बायकोच अडवली होती. "चुकलो गं," ते म्हणाले. "फार चुकलो. काढ ते. बोल."

ताईंनी मान हलवली. नाही.

"मी तोंड वाकडं करणार नाही."

ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बस्स.

"बरं, करीन. होईल वाकडं. माझ्या हातात नाही ते. पण तू बोल. मी उठणार नाही."

संगणकावर आता कुणीतरी कर्ज देत होतं, मागे ढोल वाजत होते. मग ताई उठल्या, खुंटीवरची पर्स काढली आणि यंत्र घेऊन आल्या. रुमाल सारला, यंत्र गळ्याला टेकवलं आणि बटण दाबलं. घरघर सुरू झाली. भावजींच्या दाढा शिवशिवल्या, मान आपोआप खांद्यात गेली. ताईंनी ओठ हलवले. सपाट, किरकिऱ्या, एका पट्टीतल्या आवाजात काहीतरी आलं.

"काय? नाही कळलं. परत बोल."

"आधी. ते. बंद. करा," ताई म्हणाल्या. "जाहिराती. डोकं. उठलं. माझं."

भावजी धावत स्वयंपाकघरात गेले, डब्यांमागून माऊस आणला, वायर लावताना दोनदा चुकले. ढाल चालू केली. कर्जवाला ढोलांसकट गडप झाला आणि खोलीत नुसती ती घरघर उरली.

ताई बोलायला लागल्या. आधी तुटक, मग जरा सलग. क्लासमधल्या एका म्हाताऱ्या शिक्षकांचं सांगितलं, ते यंत्रातून गाणं म्हणायचा हट्ट धरतात. मेहुणीच्या विणकामाबद्दल बोलल्या, काही चांगलं नाही बोलल्या. पलंगाखालच्या अडगळीचं काढलं. भावजी पुढे वाकून ऐकत होते, अर्धं कळत होतं, अर्धं ओठांवरून लावत होते, आणि एकेका शब्दासरशी त्यांचा डोळा बारीक होत होता. सवय लागावी असं गोड त्या आवाजात काही नव्हतंच.

ताईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी बटण सोडलं. मग पुन्हा दाबलं.

"कान. दुखतात?"

"दुखतात," भावजी म्हणाले. "तू बोल."